मागचा रेटा

आमच्या पद्मिनी मोटारीच्या मागच्या सीटवरची मधली जागा माझी होती. मी ती मागितली नव्हती. तिघा भावंडांत धाकटी म्हणून वाट्याला आली होती. दोन खिडक्या दादाच्या आणि ताईच्या. पुढच्या सलग सीटवर अण्णा, आई आणि दोघांच्या मध्ये आजी, कारण गिअरची दांडी स्टिअरिंगलाच होती आणि तिसऱ्या माणसाच्या गुडघ्यांना तिचा त्रास नव्हता. माझ्या पायांत मात्र गाडीच्या तळातून पुढून मागे गेलेला एक उंचवटा यायचा. त्याच्या दोन्ही अंगांना पाय टाकून बसावं लागे. आम्ही त्याला उंट म्हणायचो.

कराडहून चिपळूणला मामाकडे जाताना मी तीन-तीन तास त्या उंटावर काढले आहेत. चप्पल काढून त्याच्या पाठीवर तळवे टेकवले की आत काहीतरी गरगरतंय हे समजायचं. अण्णांनी गिअर बदलला की गुरगुरीची पट्टी बदलायची. घाट चढताना उंट तापायचा, पावसाळ्यात तो शेकायला बरा वाटायचा. एकदा गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली होती तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. हातभर जाडीचं काही अजस्र असेल अशी कल्पना होती. निघाला एक साधा लोखंडी दांडा, तेलकट, दोन्ही टोकांना सांधे असलेला. मिस्त्री म्हणाले, “इंजिन फुडं हाय, पण गाडी ढकलतंय मागनं. त्यो ह्यो दांडा.”

मोटारगाड्यांविषयी पुढच्या चाळीस वर्षांत मी बरंच वाचलं, पण मिस्त्रींच्या त्या वाक्यापलीकडे फार काही हाती लागलं नाही.

उंट गेला तो १९९६ मध्ये. अण्णांनी पद्मिनी विकून मारुती ८०० घेतली. मागच्या सीटवर बसून मी सवयीने पाय फाकवले आणि मध्ये काही लागेचना. तळ जवळजवळ सपाट होता. इंजिन पुढे, ते ज्यांना फिरवतं ती चाकंही पुढेच, मग मागे दांडा न्यायचा कशाला? ही शहाणपणाची वाट बरीच आधी सापडली होती. १९५९ मध्ये अलेक इसिगोनिस यांनी इंग्लंडात ‘मिनी’ केली, तेव्हा इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं फिरवली आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली. १९७४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनची गोल्फ आली. १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती आली. जगभरच्या लहान गाड्या एकामागून एक उंटावरून उतरल्या.

त्यात चुकीचं काही नव्हतं. जागा वाचते, वजन वाचतं, पैसे वाचतात. इंजिनाचं ओझं ओढणाऱ्या चाकांवरच पडत असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ती सहसा घसरत नाहीत. वळणावर वेग जास्त झाला तर गाडी नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. घाबरलेला माणूस आपोआप पाय उचलतो आणि ती पुन्हा वळते. म्हणजे भीतीसुद्धा त्या गाडीत उपयोगी पडते. सामान्य कुटुंबाला यापेक्षा काय हवं? मीही आज पुण्यात रोज अशीच गाडी चालवते आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. फक्त ती कधी माझ्याशी बोलत नाही.

बोलणाऱ्या गाडीची भाषा मला तात्यांनी शिकवली. तात्या आमच्या आळीत राहायचे. एसटीत चालक होते, आणि कराड–चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याची गणती त्यांनाच नव्हती. एसटीही मागच्याच चाकांवर चालते. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा अण्णांनी मला त्यांच्या हवाली केलं. तात्यांची शिकवण थोडक्यात असायची. “इंजिन कानानं ऐकायचं, रस्ता बुडानं वाचायचा,” असं ते म्हणाले आणि मग जीभ चावून आईकडे बघत राहिले.

आषाढात आम्ही घाट उतरत होतो. हेळवाक मागे पडलं होतं, पोफळी अजून यायची होती. एका वळणावर दरडीतून लाल माती वाहून रस्त्यावर आली होती. वेग तीसच्या आतला. मी घाबरून वळणातच ब्रेक दाबला आणि पाठीमागून कुणीतरी सीट बाजूला सरकवावी तसं काहीसं झालं. गाडीचं बूड दरीच्या अंगाला निघालं होतं. तात्यांनी आवाज चढवला नाही, स्टिअरिंगलाही हात लावला नाही. “पाय काढ. शेपूट जिकडं निघालंय तिकडंच चाक फिरव पोरी.” मी फिरवलं. शेपूट थबकलं, परत आलं, आणि पद्मिनी काही घडलंच नाही अशी चालू लागली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. पुढच्या टपरीवर चहा पिताना तात्या म्हणाले, “चूक परवडंल एवढ्याच वेगानं जायचं. आज परवडली.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला चिखल झालेल्या एका मोकळ्या मैदानावर नेलं आणि तीच चूक मुद्दाम करायला लावली. वीसच्या वेगात, वळवून, पुन:पुन्हा. उजवीकडे घसरव, सावर. डावीकडे घसरव, सावर. अर्ध्या तासात माझे हात माझ्या आधी शहाणे झाले. अण्णांना आम्ही काही सांगितलं नाही. एकूण नुकसान: एक व्हीलकॅप. ती चिखलात कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही.

घोडेस्वारीत आपल्याकडे ‘मांड’ असा एक शब्द आहे. लगाम हातात असतो, पण घोडा कळतो तो मांडीखाली. त्याचा पुढचा पाय चुकायच्या आत स्वाराला ते बसल्या जागी उमगतं. तात्यांना म्हणायचं होतं ते हेच, फक्त शब्द सोवळा नव्हता. मागची चाकं गाडी ढकलतात तेव्हा चालक त्यांच्या पुढे, पाठीवर रेटा घेऊन बसलेला असतो. रेटा वाढला की पाठीला कळतं, रेटा तिरका झाला की कमरेला कळतं. आणि पुढची चाकं? त्यांच्याकडे आता दिशा दाखवण्याचं एकच काम उरलेलं असतं, म्हणून स्टिअरिंगमधून हाताला येतो तो निव्वळ रस्ता.

याचा हिशेब सोळा आण्यांत सांगता येतो. प्रत्येक टायरकडे रस्त्याला धरून ठेवण्याची सोळा आणे ताकद आहे असं समजा. ती वळण्यात खर्च करा, वेग वाढवण्यात करा, नाहीतर थांबण्यात, तिजोरी एकच. पुढच्या दोन टायरांनी वळायचंही आणि ओढायचंही म्हटलं की वळणाच्या ऐन मध्यावर त्यांचे पैसे संपतात. ओढण्याचं काम मागच्यांकडे दिलं की संसार दोन मिळवत्यांचा होतो. त्यात गाडी वेग घेऊ लागली की वजन मागे झुकतं, म्हणजे ढकलणाऱ्या चाकांवर नेमकं हवं तेव्हा ओझं वाढतं. खरं गणित इतकं सरळ बेरजेचं नसतं, पण वळणावर चालवणाऱ्याला ते असंच जाणवतं. पकड संपत आली असताना उजव्या पायाने रेटा वाढवला की गाडीचं बूड बाहेर सरकतं आणि नाक वळणात आत येतं, कमी केला की बूड परत जागेवर येतं. म्हणजे गाडी हाताने वळते तशी पायानेही वळते. हे एकदा कळलं की माणूस बिघडतो.

अशी बिघडलेली माणसं जपानात फार आहेत, आणि त्यांच्या बिघडण्याचं बरंचसं श्रेय एका कोरोलाला जातं. १९८३ मध्ये टोयोटाने कोरोलाची नवी पिढी आणली. सेडान पुढच्या चाकांवर गेली. मात्र तिची खेळकर भावंडं, कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो, जुन्याच पद्धतीने मागच्या चाकांवर राहिली. दोन दारांची कूपे आणि मागचं झाकण उघडणारी तीन दारांची हॅचबॅक, असे दोन प्रकार. अंतर्गत खूण एई८६. लोकांनी तिचं नाव नुसतं ‘हाचि-रोकु’ ठेवलं. जपानीत त्याचा अर्थ आठ-सहा, बस. १५८७ सीसीचं इंजिन, १३० अश्वशक्ती, वजन सुमारे ९४० किलो. आमच्या पद्मिनीचं वजनही जवळपास तेवढंच होतं; इंजिन मात्र १०८९ सीसीचं आणि अश्वशक्ती जेमतेम ४०. मागचा आस दोघींचाही एकसंध, जुन्या वळणाचा. म्हणजे त्या दोघी नात्यातल्याच. एक गरीब घरात पडली, एक खाऊनपिऊन सुखी घरात.

हाचि-रोकु १९८७ पर्यंतच बनली. तोवर घाटातल्या पोरांनी तिला आपलंसं केलं होतं. नागानो प्रांतातल्या केइची त्सुचिया नावाच्या तरुणाने घाटात मागची चाकं घसरवत वळण्याची कला अशी कमावली की पुढे तो शर्यतपटू झाला आणि लोक त्याला ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणू लागले. १९९५ मध्ये शुइची शिगेनो यांची ‘इनिशिअल डी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचा नायक ताकुमी हा तोफू विकणाऱ्याचा मुलगा. पहाटे बापाच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या ट्रुएनोतून तो घाटावरच्या हॉटेलांना तोफू पोचवतो. बाप गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो. पाणी सांडता कामा नये, तोफू मोडता कामा नये. पोराला वाटतं आपण घरचं काम करतोय. वर्षानुवर्षं रोज पहाटे तो मांड शिकत असतो.

कथा वाचताना मला शर्यतींपेक्षा तो पेलाच आवडला. ताकुमीपेक्षा दुप्पट-तिप्पट ताकदीच्या गाड्या त्याच्या मागे लागतात आणि उतारावर हरतात. हा अर्थातच कथेचा न्याय आहे. पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. मोठ्या ताकदीच्या गाडीत आपण तिच्या अंगातली चवथाई जेमतेम वापरतो. उरलेली बारा आणे शक्ती बँकेत पडून राहते आणि चालवणाऱ्याला नुसता रुबाब देते. लहान गाडी मात्र साठच्या वेगातसुद्धा पूर्ण वापरता येते. तळापर्यंत खरवडलेल्या भांड्याचं समाधान त्यात असतं.

हे समाधान कारखान्यात मुद्दाम घडवता येतं, हे मला २०१२ च्या टोयोटा ८६ ने दाखवलं. मुख्य अभियंता तेत्सुया तादा. भागीदार सुबारू, कारण आडवं-चपटं बॉक्सर इंजिन त्यांचं, आणि गाडी बनायची तीही त्यांच्याच गुन्मा प्रांतातल्या कारखान्यात. इंजिन दोन लिटरचं, २०० अश्वशक्तीचं. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८६ मिलिमीटर. जुन्या हाचि-रोकुला केलेला हा नमस्कार. पण खरी मेख टायरांत आहे. एवढ्या गाडीला रुंद, चिकट टायर सहज बसवता आले असते. तसे न करता प्रियस या काटकसरी गाडीच्या एका प्रकाराला असायचे तसले अरुंद टायर दिले. पकड कमी, म्हणून गाडी कमी वेगातच बोलू लागते. बहुतेक कंपन्या सीमा दूर ढकलण्यासाठी खर्च करतात. इथे सीमा जवळ आणून ठेवली, साध्या माणसाला ती बघता यावी म्हणून. चिखलाचं मैदान तात्यांनी निवडलं ते याच कारणासाठी.

मज्दाने हाच विचार १९८९ मध्ये एमएक्स-५ या उघड्या टपाच्या गाडीतून मांडला होता. ती घडवताना तोशिहिको हिराई यांच्या चमूने ‘जिन्बा इत्ताई’ हे जुने शब्द समोर ठेवले: स्वार आणि घोडा, एक अंग. मी ते वाचलं आणि मला हसू आलं. बुडापासून मांडीपर्यंत तात्या पोचले होतेच, हिरोशिमाचे अभियंते त्याच घोड्यावर बसले होते. त्या दोन सीटच्या गाडीचं उत्पादन २०१६ मध्ये दहा लाखांवर गेलं.

या सगळ्या गाड्यांच्या नावापुढे ‘परवडणारी’ हे विशेषण लागतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही नुसती किमतीची गोष्ट आहे. ८६ अमेरिकेत आली तेव्हा २५ हजार डॉलरच्या आसपास मिळायची. आपल्या रुपयांत ते काही स्वस्त नव्हे, आणि आपल्याकडे ती विकायला आलीही नाही. पण परवडण्याचा दुसरा अर्थ तात्यांचा आहे. जी गाडी ओरखडायची भीती वाटते, ती गाडी शिकवू शकत नाही. जिचा वेग मृत्यूच्या जवळ गेल्याशिवाय बोलत नाही, तीही नाही. चूक खिशालाही परवडली पाहिजे आणि हाडांनाही. हाचि-रोकुचं पुढे काय झालं पाहा: चित्रकथेने ती अजरामर केली आणि त्यामुळेच महाग केली. आता चांगल्या स्थितीतली ट्रुएनो लोक दिवाणखान्यातल्या चिनी मातीच्या बरणीसारखी जपतात. घाटात घेऊन जाणार कोण?

उलट बाजूलाही गंमत आहे. बीएमडब्ल्यूची १ सीरिज ही मागच्या चाकांवर चालणारी, आटोपशीर हॅचबॅक होती. २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी सांगितलं होतं की ती चालवणाऱ्या ८० टक्के लोकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असं वाटतं. २०१९ च्या नव्या पिढीत ती खरंच पुढच्या चाकांवर गेली. ज्या नात्याची एकाला जाणीवच नाही ते तुटलं तरी आवाज होत नाही.

आणि आमची पुण्यात आखलेली नॅनो! २००९ मध्ये बाजारात आली. ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली, फिरणारी चाकं मागची, वजन ६०० किलो. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, अगदी महागड्या स्पोर्ट्स कारसारखे. मागच्या चाकांवरची हॅचबॅक म्हणून जगात तिच्याहून स्वस्त कोण होती? फक्त २०१५ पर्यंत तिचं मागचं झाकण बाहेरून उघडतच नव्हतं, आणि खेळण्याचा विचार तर तिच्या कुंडलीतच नव्हता. मागे इंजिन ठेवण्याचं कारण काटकसर होतं. आज आपल्याकडे मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त वाहनं बघायची तर ईकोच्या शाळेच्या व्हॅन बघाव्यात, छोटे टेम्पो बघावेत, एसटी बघावी. खेळ नाही, नुसतं काम. पण ताकुमीसुद्धा तोफूच पोचवत होता.

गेल्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे तोक्योला गेले होते. त्याच्याकडे ६६० सीसीची डबीसारखी ऑटोमॅटिक गाडी आहे. त्याने माझ्यासाठी ताकासाकीला एक दिवस ८६ ची नवी आवृत्ती भाड्याने घेतली, हाताच्या गिअरची. “मावशी, तूच चालव. मला क्लच झेपत नाही,” असं तो म्हणाला, आणि पिढ्यांमधलं अंतर मला एका वाक्यात कळलं. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. शिबुकावावरून इकाहोला गेलो. तिथल्या खेळणी-बाहुल्या-मोटारींच्या संग्रहालयात चित्रकथेतल्या तोफूच्या दुकानाची पाटी आहे आणि एक काळी-पांढरी हाचि-रोकु उभी आहे. मी काचेतून आत डोकावले. मागच्या सीटच्या मध्ये उंट होता.

पुढे हारुना पर्वताचा घाट. चित्रकथेत त्याचं नाव बदलून अकिना केलं आहे. रात्री शर्यती करणाऱ्यांना आवर घालायला रस्त्यावर ठिकठिकाणी खडबडीत पट्टे टाकलेत; गाडी त्यांच्यावरून दात वाजवत जाते. मी पन्नासच्या पुढे गेले नाही. मागून आलेल्या तोफूच्या नव्हे पण भाजीच्या एका टेम्पोला वाट दिली. दुसऱ्या गिअरमध्ये वळण, बाहेर पडताना थोडा रेटा, पाठीला तो ओळखीचा हात. डाव्या कोपराखाली दोन सीटच्या मधला उंचवटा होता, कातड्याने मढवलेला, पेले ठेवायच्या खाचांसह. त्यावर तळहात टेकवून पाहिला. गुरगुर होती, पण पुष्कळ शिकली-सवरलेली.

हारुना पर्वतावरच्या तळ्यावरून उतरताना पाऊस भुरभुरत होता आणि मेपलची पानं रस्त्याला चिकटली होती. एका वळणावर मी पाय जरा लवकर टेकवला. बूड बोटभर सरकलं. समोरच्या पट्टीवर नारिंगी दिवा लुकलुकला. यंत्राने चाकांची नाडी धरून गाडी सावरली होती. पण माझे हात त्याआधीच फिरून परत आले होते. किती आधी, ते मोजता येणार नाही. कदाचित मला तसं वाटलंही असेल.

भाच्याने मोबाइलमधून मान वर केली. “काय झालं, मावशी? कसला दिवा?”

“काही नाही,” मी म्हटलं. “परवडली.”